माळवदाची माती आणि उतारवयातले घर

मृग लागायच्या आत आमच्या जळकोटात पूर्वी एक काम घरोघर निघायचे. माळवदावर माती टाकायची. जळकोट म्हणजे तुळजापूर तालुक्यातले, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गाच्या पुढचे. लातूर जिल्ह्यातले जळकोट निराळे. गावात बैलगाड्या यायच्या, पांढऱ्या मातीचे ढीग दारात पडायचे, बायामाणसे पाट्या भरून वर द्यायची आणि घरातला कर्ता माणूस वर उभा राहून ती माती पसरायचा, चोपायचा. हे काम ज्याच्या हातून होईनासे झाले, तो माणूस म्हातारा झाला असे समजायचे. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख कोण पाहतो!

हे पांढऱ्या मातीचे प्रकरण थोडे उलगडून सांगायला हवे, कारण आजचा आपला विषय त्या मातीतच आहे. आपल्याकडे पाऊस साधारण सातशे-आठशे मिलिमीटर. कोकणासारखा तो पडता तर उतरती कौले घालावी लागली असती. इथे सपाट छप्पर चालते. सागवानी किंवा बाभळीचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडव्या दांड्या, मग फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला आणि वर माती. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. ती छपराला उपयोगाची नाही. लागते ती पांढरी. आणि पांढरी माती मिळते कुठे? जुन्या वस्तीच्या जागी. म्हणून तर आपण शेताला 'काळी' आणि गावठाणाला 'पांढरी' म्हणतो. पडलेल्या वाड्याची माती नव्या घराच्या डोक्यावर जाते. आपल्याच जिल्ह्यातले तेर घ्या. प्राचीन तगर ते हेच. तिथल्या पांढरीच्या टेकाडांत सातवाहनकाळच्या मूर्ती, मणी, खापरे सापडली. रामलिंगप्पा लामतुरे यांनी ती हौसेने जमवली आणि आज त्यांच्या नावाचे संग्रहालय तिथे उभे आहे.

तर ही माती दरसाल थोडी धुपते, म्हणून दरसाल थोडी टाकायची. शिक्षक मंडळींनी वर्गात हा हिशेब मुलांकडून करून घ्यावा. बाराशे चौरस फुटांचे माळवद आहे आणि त्यावर एक इंच माती टाकायची आहे. शंभर घनफूट माती झाली. घनफुटाला पंचेचाळीस किलो धरले तर साडेचार हजार किलो, म्हणजे पाच-सहा गाड्या. हे एका वर्षाचे. आता दुसरी बाजू. धुपते त्यापेक्षा टाकलेली माती पुष्कळदा जास्तच. बापाने टाकली, आजाने टाकली, थर चढत गेला, दीड-दीड फूट झाला. बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशा एका खोलीवर दीड फूट माती म्हणजे १८० घनफूट, आठ हजार किलोंच्या वर. आठ टन ओझे डोक्यावर घेऊन माणसे खाली झोपत होती. उन्हाळ्यात गार वाटायचे, हे मात्र खरे.

घराच्या भिंती दगडाच्या. पण दोन दगडांमधला मसाला मातीचा. जवळच नळदुर्गच्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, बांधलेला पाणीमहाल आहे. नदीच्या बंधाऱ्यात बांधलेला, चुन्यातला. चारशे वर्षे बोरीचे पाणी त्याच्या डोक्यावरून जाते आहे. रयतेला चुना कुठला परवडायला! तिने मातीत बांधले आणि दुरुस्तीचे काम वंशपरंपरा मुलांवर सोपवले.

मग एवढी मोठी घरे बांधली कशाला, असे आजची पोरे विचारतात. कोणी म्हणेल मोठेपणासाठी. थोडे ते असेलही. पण मोठेपणा ढेलजेपुरता असतो. बाकीचे घर कामाचे होते. जोंधळा ठेवायला भिंतीत बळद, अंगणात पेव. बैल, गाय, कडबा, औजारे. चार भाऊ, त्यांच्या बायका, बाळंतिणीची खोली, लग्नाचा मांडव घालायला चौक. शिवाय चोराचिलटांची भीती. बाहेरच्या भिंतीला खिडकी नाही, उजेडाला माळवदातले सवणे तेवढे. निजामी राजवटीच्या शेवटच्या वर्षी, १९४७-४८ साली, रझाकारांच्या दिवसांत अशा जाड भिंतींच्या आत माणसे कशी रात्र काढीत, हे जुन्या मंडळींनी सांगितलेले आमच्यापैकी पुष्कळांनी ऐकले आहे.

आता उतारवयाचे पाहा. आपल्या शास्त्रकारांनी गृहस्थाश्रमानंतर वानप्रस्थ सांगितला. केस पिकले, नातवंड दिसले की घर मुलाच्या हाती देऊन निघायचे. प्रत्यक्षात वनात जाणारे थोडे. कोणी पंढरपूर गाठी, कोणी काशी. बाकीच्यांनी एक सोयीचा मार्ग काढला होता आणि मला त्याचे फार कौतुक वाटते. घर तेवढेच राहायचे. म्हाताऱ्याची जागा आत आत न जाता बाहेर बाहेर यायची. मधल्या खोल्या थोरल्या मुलाकडे, किल्ल्या सुनेकडे आणि बाबांची बाज ढेलजेत. तिथे येणाराजाणारा भेटतो, चिलीम मिळते, बैलांवर नजर राहते, पायरी चढावी लागत नाही. म्हातारीला स्वयंपाकघराजवळची पडवी. म्हणजे मोठ्या घरातून लहान घरात जाणे आपल्याकडे होतेच, फक्त ते एकाच छपराखाली होत होते. वर माती टाकायला मुलगा होता. तुळई बदलायला सुतार होता आणि त्याला रोख द्यावी लागत नव्हती, खळ्यावर बलुते द्यायचे.

हा मेळ मोडला तो एका दिवसात नव्हे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती पत्करली, पुढच्या वर्षी जहागिऱ्या गेल्या, त्यानंतर कूळकायदा आला. ज्या वाड्यांत बाहेरून धान्य येत होते तिथे ते येणे थांबले. बलुत्याच्या जागी मजुरी आली. १९७२ च्या दुष्काळाने कित्येक तरुणांना सोलापूर-पुण्याची वाट दाखवली; त्यांतले सगळे परतले नाहीत. आणि वारसाहक्काने वाड्याच्या उताऱ्यावर नावे वाढत गेली. १९५६ च्या कायद्याने आणि २००५ च्या दुरुस्तीने लेकींनाही हक्क मिळाला. न्याय्यच झाले ते. पण ज्या घराला बारा मालक त्या घराच्या माळवदावर माती कोणी टाकायची? विकायचे म्हटले तर बारा सह्या लागतात. ना विकता येते, ना राखता येते, अशी घरे आज गावोगाव आहेत. एक कोपरा ढासळतो, आणि त्याची पांढरी माती न्यायलाही कोणी येत नाही.

आणि मग ती पहाट आली. ३० सप्टेंबर १९९३, तीन वाजून छप्पन्न मिनिटे. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपलेले. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे मातीला मिळाली. सुमारे आठ हजार माणसे गेली. तो धक्का जळकोटातही जाणवला. मी तेव्हा पोरवयाचा होतो. आम्ही अंगणात उभे होतो आणि वडील घराकडे पाहत होते, परक्याकडे पाहावे तसे. भूकंपानंतर तज्ज्ञांनी पाहणी केली तेव्हा असे दिसले की मातीतल्या दगडी भिंती आणि वरचे ओझे यांनी घात केला; जिथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा नीट होता तिथे भिंती पडल्या तरी छप्पर पुष्कळदा तगले. दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. डोक्यावर साठत गेलेल्या मातीचाही होता.

पुढे सरकारने जागतिक बँकेच्या साहाय्याने ५२ गावे नव्या जागी वसवली. घराचे माप जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यास अडीचशे चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत चारशे, त्यावर साडेसातशे. मोठ्या वाड्यातून लहान घरात गावेच्या गावे एकदम गेली, असे उदाहरण आपल्या प्रांतात दुसरे क्वचितच सापडेल. ती घरे मजबूत होती, दरसालच्या मातीचा जाच संपला. तरी रडगाणे राहिले, आणि ते खोटे नव्हते. जमीन किती ते पाहिले. माणूस किती वयाचा, त्याला दिवसभरात काय काय लागते ते पाहिले नाही. जोंधळ्याची पोती बाजेखाली आली, कारण बळद नाही. उन्हात सिमेंट तापते. रस्ते सरळ आणि रुंद, घरे लांब लांब. जुन्या गावात चार पावलांवर असलेली शेजारीण आता हाकेच्याही पलीकडे. ढेलज तर कुठेच नव्हती. मग लोकांनीच दारापुढे पत्रे घालून ती पुन्हा उभी केली! ज्या गावांत घरे जागच्या जागी दुरुस्त झाली, तिथे 'संवाद सहायक' म्हणून नेमलेल्या गावच्याच बायांनी लोकांना समजावले, की माळवदाची माती कमी करा, भिंतीत आरपार जाणारे दगड घाला. माझ्या मते हे काम त्या नव्या वसाहतींइतकेच मोलाचे. पण त्याची चर्चा फार थोडी झाली.

हे सारे आज आठवायचे कारण घरगुती आहे. अठ्ठावन्न पुरी झाली की शाळेतला गुरुजी निवृत्त होतो. मला अजून थोडी वर्षे आहेत. आमच्या घरावर बाराशे चौरस फूट माळवद आहे आणि मुले दोन्ही बाहेरगावी. गेल्या उन्हाळ्यात शिडीवरून उतरताना पाय थरथरला. मी कोणाला बोललो नाही. हिने पाहिले होते. रात्री तिनेच विषय काढला, "आपल्याला किती घर लागतं वो?" आम्ही मोजले. एक निजायची खोली, एक स्वयंपाकाची, मुले आली तर एक. न्हाणी आणि संडास घरातच, उंबरा न ओलांडता. बाकी सारे घर आम्ही झाडत होतो, सारवत होतो आणि कुलूप लावत होतो.

आमच्यासारखे पुष्कळजण निवृत्तीची रक्कम हाती पडेपर्यंत थांबतात, मग तीच रक्कम जुन्या वाड्याच्या डागडुजीत घालतात. मला ते उलटे वाटते. हात-पाय चालतात, पगार येतो, भाऊबंद बोलते आहेत, तोवरच उताऱ्यावरची नावे आणि वाटण्या उरकाव्यात. चुलतभावांकडे मी दोनदा जाऊन आलो. एक सही अजून बाकी आहे, पुण्याच्या आत्याची. ती म्हणते, "माझ्या माहेरची ढेलज पाडणार असशील तर सही मागू नको."

सुताराला बोलावून खांब तपासून घेतले. ढेलजेचे चारही खांब सागवानी, अजून टणक. तो म्हणाला, वरची माती उतरवून पत्रा घातला तर एवढी ढेलज सहज तीस वर्षे निघेल. मागे परसात दोन खोल्या विटांच्या बांधा, मधले उतरवून टाका. चुलत्यांचा वाटा लाकडावर आणि मोकळ्या जागेवर देता येईल. आत्याला तसे पत्र घातले आहे. मृगाला अजून दोन महिने आहेत. हिचा प्रश्न मात्र तसाच आहे, की बळद गेल्यावर वर्षाचा जोंधळा ठेवायचा कुठे? कोपऱ्यात दोन कणग्या मावतात का, हे ती परवा टेप घेऊन मोजत होती.