ख्रिस्ती शिष्यत्व
येशूला प्रभू मानून रोजचे जगणे त्याच्या हवाली करणे, म्हणजे शिष्यत्व. निव्वळ बाप्तिस्म्याने ते पुरे होत नाही. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) हा फरक स्वतः नोंदवला आहे. इंग्लंडमध्ये १८८३ साली बाप्तिस्मा झाला, पण ख्रिस्त खऱ्या अर्थाने भेटला तो काही वर्षांनी, असे त्या सांगत. दुष्काळात उपाशी फिरणाऱ्या मुलींना त्यांनी केडगावच्या मुक्तिसदनात आणले, शिकवले, हाताला काम दिले. संस्कृत पांडित्यासाठी गाजलेल्या या बाईंनी पुढे हिब्रू व ग्रीक शिकून बायबल साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत उतरवले. हे कष्ट विलक्षणच म्हणावे लागतात. या भाषांतराचे खिळे जुळवले, छपाई केली ती मुक्तिसदनातल्या स्त्रियांनीच.