अळणी पाणी, शेंगोळे आणि ताकद : कोंबडीच्या सुपाची जुनी गोष्ट

“डॉक्टर, पेशंटला कोंबडीचं अळणी पाणी दिलं तर चालंल का?”

तापातून उठलेला माणूस असो, टीबीचा पेशंट असो, बाळंतीण असो की ऑपरेशन होऊन घरी आलेले आजोबा. चकलांब्यात हा प्रश्न मला आठवड्यातून चार वेळा तरी ऐकायला मिळतो. मी हो म्हणतो. मग उलटा विचारतो, “आणि त्यातल्या फोडी कोण खातं?” इथं घरातली माणसं एकमेकांकडे बघायला लागतात.

काही वर्षांपूर्वी ऊसतोडीहून परतलेला एक तरुण माझ्याकडे आला होता. टीबीचं निदान झालेलं, गोळ्या चालू, वजन ४१ किलो. घरच्यांनी सेवा करण्यात काही कमी ठेवली नव्हती. आठवड्यातून दोनदा कोंबडी शिजायची. पण ‘पचायला जड’ म्हणून त्याला फक्त वरचं पाणी मिळायचं आणि फोडी बाकीच्यांच्या ताटात जायच्या. महिनाभरात त्याचं वजन वाढायच्या ऐवजी अर्धा किलो घटलं.

यात त्याच्या आईची चूक नव्हती. ‘सगळी ताकद पाण्यात उतरते’ ही समजूत फार जुनी आहे आणि ती फक्त आपल्याकडचीच नाही. मोठमोठे शास्त्रज्ञही तिथं फसले आहेत. ती गोष्ट आज सांगतो, आणि शेवटी शेंगोळे घातलेल्या सुपाची आमच्या घरची कृतीही देतो.

चरकाच्या पायऱ्या

आजाऱ्याला मांसाचा रस द्यावा, हे आपल्याकडे चरकसंहितेतच सांगितलेलं आहे. आजारातून उठलेल्या, वाळलेल्या, अशक्त माणसासाठी मांसरस पोषक मानला आहे. मी ॲलोपॅथीचा डॉक्टर, पण मला त्या ग्रंथातली एक गोष्ट फार आवडते. पंचकर्मानंतर पोट नाजूक झालेल्या माणसाला जेवणावर कसं आणायचं, याचा क्रमच त्यात दिला आहे. आधी पातळ पेज, मग घट्ट पेज, मग डाळी-कडधान्यांचं कढण आणि त्यानंतर मांसरस. कढण आणि मांसरस यांचे पुन्हा दोन प्रकार आहेत. ‘अकृत’ म्हणजे मीठ, तेल, मसाला न घातलेला आणि ‘कृत’ म्हणजे हे सगळं घातलेला.

अकृत म्हणजेच आपलं अळणी! आज आपण त्यात मीठ घालतो, तिखट तेवढं वगळतो, तरी नाव जुनंच राहिलं आहे. पण लक्षात घ्या, चरकाचा माणूस पाण्यावर थांबत नाही. पातळ ही पहिली पायरी आहे. तिथून चढत चढत त्याला नेहमीच्या जेवणापर्यंत पोहोचायचं आहे. आपण पायरी लक्षात ठेवली आणि जिना विसरलो.

मिरचीही आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. त्याआधी तिखटपणासाठी मिरी, पिंपळी आणि आलं होतं. आजारी माणसाच्या सुपात लाल तिखट न घालता मिरे आणि आलं घालतो, तेव्हा आपण मिरचीच्या आधीच्याच स्वयंपाकघरात उभे असतो.

पॅरिसमधली फसगत

बाराव्या शतकात इजिप्तमध्ये राहणारा मायमोनिडीझ हा ज्यू वैद्यही अशक्त माणसाला कोंबडीचं सूप द्यायला सांगत होता. पुढे युरोपात ही समजूत घरोघर गेली आणि एकोणिसाव्या शतकात तिला विज्ञानाचं रूप आलं.

फ्रान्समध्ये हाडं उकळून जिलेटिन काढायचं आणि त्याचं सूप गरिबांना व रुग्णालयातल्या आजाऱ्यांना द्यायचं, अशी टूम निघाली. स्वस्तात पोषण! पण खरंच पोषण होतं का? हे तपासायला एक समिती बसली. शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रांस्वा माजांदी तिचा प्रमुख होता. समितीने कुत्र्यांवर प्रयोग केले आणि १८४१ साली अहवाल दिला : नुसत्या जिलेटिनवर प्राणी जगत नाही.

तरी मोह सुटला नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने मांसाचा अर्क काढायची पद्धत सांगितली. १८६५ साली त्याच्या नावाची कंपनी निघाली आणि मांसाचं सगळं सत्त्व एका बरणीत आहे, अशा समजुतीने लोक तो अर्क आजाऱ्यांना पाजू लागले. पुढे कळलं, की अर्कात चव भरपूर आहे, पण ताकद देणारं प्रथिन फारसं नाही. ते मागे उरलेल्या चोथ्यात होतं.

आजचे आकडेही तेच सांगतात. १०० ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात. वाटीभर गाळलेल्या पाण्यात ती दोन-चार ग्रॅमच निघतात.

एक कोंबडी, दहा तोंडं

मग ही समजूत टिकली कशी? माझ्या लहानपणी कोंबडी रोजची गोष्ट नव्हती. अंडी देऊन थकलेली गावरान कोंबडी पाहुणा आला, जावई आला किंवा कोणी आजारी पडलं की कापली जायची. मांस चिवट, चुलीवर दोन-दोन तास शिजवावं लागे. तेवढ्या वेळात रश्श्याला दाट चव यायची. अशक्त माणसाला ते मांस चावायचंही नाही. शिवाय कोंबडी एक आणि खाणारी तोंडं दहा. पाणी वाढवलं की सगळ्यांना पुरायचं.

नंतर चित्र बदललं. १९७१ साली बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वर हॅचरीज सुरू केली, ब्रॉयलरचा व्यवसाय फोफावला आणि चिकन तालुक्याच्या बाजारात रोज मिळू लागलं. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांची असते. मांस मऊ असतं, अर्ध्या तासात शिजतं आणि बोटांनी सुटतं. म्हणजे आजारी माणसाला फोडी न देण्याचं जुनं कारण आता उरलेलं नाही. सवय मात्र उरली आहे.

हुलगा : दुष्काळातला सोबती

पाणी वाढवलेल्या रश्श्यात पोट भरायला आमची आई शेंगोळे सोडायची. एरवी शेंगोळे लसूण-जिऱ्याच्या पाण्यातच शिजतात. कोंबडीच्या रश्श्यातले शेंगोळे म्हणजे आम्हा पोरांची चैन. थंडीच्या रात्री चुलीभोवती सगळे बसायचो आणि वाटीत फोड आली नाही, तरी शेंगोळे नक्की यायचे.

हुलगा म्हणजे कुळीथ. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीत कुळथाचे दाणे सापडले. हलक्या जमिनीत आणि कमी पावसात हे पीक तग धरतं, म्हणून दुष्काळी मुलखाला ते सोडून गेलं नाही. घोड्यांना याचा खुराक देत, म्हणून इंग्रजीत त्याला हॉर्स ग्राम म्हणतात. १०० ग्रॅम हुलग्यात साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात. शेंगोळ्यांच्या रूपाने आईने पाण्याला पुन्हा जेवण केलं होतं. तिने चरक वाचला नव्हता.

मग सूप पिऊन बरं का वाटतं?

ते खोटं नसतं. गरम पाणी आणि मीठ पोटात जातं, घसा शेकला जातो, तोंडाला चव येते. १९७८ साली अमेरिकेत मायामी बीच इथं १५ निरोगी माणसांवर प्रयोग झाला. गरम चिकन सूप प्यायल्यावर नाकातला शेंबूड जास्त वेगाने सरकू लागला. पण अर्ध्या तासात परिणाम ओसरला. २००० साली नेब्रास्काच्या डॉ. रेनार्ड यांनी प्रयोगशाळेत दाखवलं, की सूप पांढऱ्या पेशींची हालचाल थोडी मंदावतं, त्यामुळे सर्दीची दाहकता कमी होत असावी. हे परीक्षानळीतलं काम आहे, माणसावरचा पुरावा नाही.

म्हणजे सर्दीला सूप उत्तम. वजन वाढवायला मात्र नुसतं सूप अपुरं.

टीबीत तर हा फरक जिवाशी असतो. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रेशन्स’ अभ्यासात पेशंटला औषधांबरोबर धान्य-डाळींचा शिधा दिला गेला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं. ४१ किलोच्या माणसाला ५ टक्के म्हणजे फक्त दोन किलो. पेशंटच्या घरातल्या माणसांनाही पोषक शिधा दिला, तेव्हा त्यांच्यात नव्या टीबीचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. निक्षय पोषण योजनेतून टीबीच्या पेशंटला महिन्याला १,००० रुपये मिळतात. ते खाण्यावरच खर्च करा.

आमच्या घरची कृती (चार माणसांसाठी)

१. अर्धा किलो हाडांसकट चिकन, दोन लिटर पाणी, हळद, ठेचलेलं आलं-लसूण, आठ-दहा मिरे आणि मीठ घालून मंद आचेवर ४० मिनिटं शिजवा. गावरान असेल तर कुकर लावा.

२. एक वाटी हुलग्याचं पीठ, अर्धी वाटी ज्वारीचं पीठ, वाटलेला लसूण, जिरं, ओवा, मीठ. घट्ट मळा. करंगळीएवढ्या बारीक वळ्या करून टोकं जोडा.

३. रस्सा खळखळ उकळत असतानाच शेंगोळे सोडा, नाहीतर विरघळतात. १५ ते २० मिनिटं शिजवा. एक मोडून बघा, आत कोरडं पीठ दिसता कामा नये.

४. आजारी माणसाच्या वाटीत फोडी हाताने बारीक करून घाला. सुरुवातीला अर्धी वाटी, मग रोज थोडं वाढवा.

कच्चं चिकन नळाखाली जोरात धुऊ नका, शिंतोड्यांतून जंतू भांड्यांवर उडतात. ते कापलेली सुरी आणि हात मात्र साबणाने धुवा.

कोणी जपून?

ब्लडप्रेशर आणि हार्टच्या पेशंटने मीठ कमी. किडनीचा आजार असेल तर किती प्रथिनं खायची, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही नको, सुपाचं पाणीही नको. आणि गळ्यात माळ असेल तर काळजी नको. हुलग्याचं किंवा मुगाचं कढण, त्यात शेंगोळे, सोबत दूध-दही. चरकाच्या जिन्यात कढणाचीही पायरी आहेच.

त्या तरुणाच्या आईला मी औषध बदलून दिलं नाही. फक्त सांगितलं, “माय, पाणी सगळ्यांना वाढ, पण फोडी आधी त्याला.” दीड महिन्याने तो तपासायला आला, तेव्हा काटा ४३ च्या पुढे होता.

तुमच्या घरी कोणी आजारी असेल, तर आज त्याच्या वाटीत एकदा डोकावून बघा. नुसतंच पाणी असेल, तर त्यात फोडी आणि शेंगोळे पडू द्या.