ओढीचा आकडा : जुन्या पिकअप ट्रकचा एक प्रश्न

अमेरिकेत १९४८ साली फोर्ड कंपनीने 'एफ' मालिकेतील मालवाहू गाड्या बाजारात आणल्या. त्यांतली सर्वांत लहान गाडी म्हणजे एफ-१. पुढे चालकाची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेल्या या पिकअप ट्रकवर आजही पुष्कळ हौशी लोकांचे प्रेम आहे. अशी गाडी दुरुस्त करून रस्त्यावर आणली, की मालक एक साधा प्रश्न विचारतो : या गाडीमागे ट्रेलर जोडला, तर अधिकृतपणे किती वजन ओढता येईल?

पुस्तक उघडले की उत्तर सापडेल असे वाटते. प्रत्यक्षात जाहिराती, माहितीपत्रके, गाडीवर बसवलेली धातूची पट्टी असे सगळे धुंडाळले तरी आजच्या अर्थाने 'अधिकृत' म्हणावा असा आकडा मिळत नाही. तो हरवला आहे असे नव्हे. असा आकडा ठरवण्याची सर्वमान्य रीतच त्या काळी नव्हती. ती का नव्हती आणि पुढे कशी आली, हा मापनशास्त्राच्या इतिहासातला एक बोधप्रद धडा आहे.

अर्धा टन कशाचा?

त्या काळी पिकअपची ओळख 'अर्धा टन', 'पाऊण टन', 'एक टन' अशी सांगत. एफ-१ ही अर्ध्या टनाची, तर एफ-२ पाऊण टनाची गाडी होती. हा अमेरिकी टन २००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलोग्रॅमचा. तेव्हा अर्धा टन म्हणजे साधारण ४५० किलोग्रॅम.

हे वजन हौद्यात ठेवायच्या मालाचे आहे. ट्रेलरशी त्याचा संबंध नाही. गाडीवरच्या पट्टीवर आणखी एक आकडा असे : गाडी, माल आणि माणसे मिळून कमाल वजन. एफ-१ साठी हे कमाल वजन ४७०० पौंड, म्हणजे सुमारे २१३० किलोग्रॅम होते. पाटे, आस आणि टायर किती भार पेलतील, हे त्यावरून कळे. पेलणे आणि ओढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हमाल डोक्यावर जेवढे ओझे घेतो, त्याच्या कितीतरी पट हातगाडीवरून ओढतो. पण हातगाडी उताराला लागली की तीच त्याला ढकलत नेते. ही दुसरी बाजू पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

नेब्रास्काचा कायदा

ओढण्याची क्षमता मोजताच येत नव्हती असे मात्र नाही. ट्रॅक्टरच्या बाबतीत हे काम अमेरिकेत बरेच आधी झाले होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिथे अनेक कंपन्या ट्रॅक्टर विकत होत्या आणि जाहिरातीत हवे ते दावे करत होत्या. नेब्रास्का राज्यातील विल्मॉट क्रोझियर या शेतकऱ्याने घेतलेला एक ट्रॅक्टर अगदीच कुचकामी निघाला. त्यावर 'फोर्ड' हे नाव होते, पण हेन्री फोर्ड यांचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता! त्यानंतर घेतलेल्या रूमेली कंपनीच्या ट्रॅक्टरने मात्र कागदावर लिहिले होते त्याहून जास्त काम केले. कागदावरचा आकडा दोन्ही वेळा फसवा होता.

क्रोझियर राज्याच्या विधिमंडळात निवडून गेले आणि १९१९ साली कायदा झाला : राज्यात विकायच्या प्रत्येक प्रकारच्या ट्रॅक्टरची चाचणी झाली पाहिजे. चाचणीचे काम लिंकन येथील नेब्रास्का विद्यापीठाकडे आले. १९२० साली 'वॉटर्लू बॉय' हा ट्रॅक्टर तिथे पहिल्यांदा उत्तीर्ण झाला. त्याच्यावर '१२-२५' असे दोन आकडे असत. पट्ट्याने यंत्र फिरवताना २५ अश्वशक्ती, पण जमिनीवर मागचा भार ओढताना १२. चाकांची घसरण, मातीचा प्रतिकार, दातेरी चाकांमधले घर्षण यांत उरलेली शक्ती खर्ची पडते, हे त्या जोडीतून कुणालाही कळे. आपल्याकडच्या ट्रॅक्टरांची अशी चाचणी मध्य प्रदेशात बुदनी येथील केंद्रीय संस्थेत होते.

शेतकऱ्याला फसवणूक लगेच कळत होती, कारण नांगर अडला की काम थांबे. पिकअप मुख्यतः हौद्यात माल वाहण्यासाठी होता. मागे ट्रेलर जोडणे हे जोडकाम. म्हणून त्याच्या ओढीची चौकशी कुणी फारशी केली नाही.

अश्वशक्तीचे दोन चेहरे

मग इंजिनाच्या अश्वशक्तीवरून ओढ काढता येणार नाही का? एफ-१ चे आठ सिलिंडरांचे इंजिन १०० अश्वशक्तीचे म्हणून विकले जाई. पण हा आकडा कसा मोजला होता ते पाहिले पाहिजे. त्या काळी अमेरिकेत इंजिन गाडीबाहेर काढून, पंखा, डायनॅमो, सायलेन्सर यांसारखे भाग न जोडता त्याची शक्ती मोजण्याची पद्धत होती. १९७२ सालच्या मॉडेलांपासून कंपन्या हे भाग जोडून मोजलेली निव्वळ अश्वशक्ती सांगू लागल्या. त्या वर्षी अनेक इंजिनांचे आकडे एकदम घसरले. इंजिनात मोठा बदल नसतानाही आकडा उतरला, कारण मोजण्याची रीत बदलली होती.

चढ आणि उतार

आता थोडे गणित करू. समजा, गाडी २००० किलोग्रॅमची आणि ट्रेलर ३००० किलोग्रॅमचा आहे. रस्ता शंभर मीटरला पाच मीटर चढतो. केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध लागणारे बल :

५००० × ९.८ × ०.०५ = २४५० न्यूटन

ताशी ६४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १७.८ मीटर वेगाने चढायचे, तर शक्ती लागेल सुमारे ४३,६०० वॅट, म्हणजे ५८ अश्वशक्ती. हवेचा आणि रस्त्याचा विरोध वेगळाच. शंभर अश्वशक्तीच्या इंजिनाला हे अगदीच अशक्य नाही. वेग कमी केला, खालचा गिअर टाकला, तर याहून जड ट्रेलरही हलेल. 'माझी गाडी पाच टन ओढते' असे कुणी सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत असेलच असे नाही.

पण वर गेलेली गाडी खाली उतरणारच. त्याच उतारावर त्याच वेगाने उतरताना तेवढ्याच शक्तीची उष्णता कुठेतरी गेली पाहिजे. काही भाग हवेच्या विरोधात आणि इंजिनात जिरतो, उरलेला ब्रेकमध्ये. ४३,६०० वॅट म्हणजे एक किलोवॅटच्या चव्वेचाळीस शेगड्या एकदम पेटवल्यासारखे! ट्रेलर नसता, तर सतरा-अठरा शेगड्यांवर भागले असते. एफ-१ ला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. ड्रम बंदिस्त असल्याने उष्णता लवकर बाहेर पडत नाही. तापलेल्या ब्रेकची पकड सुटत जाते. शिवाय त्या काळच्या ब्रेकमध्ये तेलाची वाट एकच असे. ती एका ठिकाणी फुटली, तर चारही ब्रेक एकदम निकामी. म्हणजे प्रश्न 'किती ओढता येईल' एवढाच नाही, 'किती थांबवता येईल' हाही आहे. दोन उत्तरांतले लहान उत्तर खरे धरायचे.

एक घाट, एक कसोटी

१९६० नंतर अमेरिकेत सहलीसाठी ट्रेलर ओढण्याची आवड वाढली आणि कंपन्या ओढीचे आकडे छापू लागल्या. पण प्रत्येकीची कसोटी वेगळी. अखेर २००८ साली तिथल्या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने, एस.ए.ई.ने, 'जे २८०७' हे मानक प्रसिद्ध केले. त्यातली एक अट ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळच्या घाटावर बेतलेली आहे. सुमारे १८ किलोमीटरचा चढ, पायथ्याशी ३८ अंश सेल्सिअस तापमान, गाडीतले वातानुकूलन पूर्ण चालू, आणि वेग ताशी ६४ किलोमीटरखाली जाता कामा नये. तीव्र चढावर थांबलेली गाडी पुन्हा पुन्हा सुरू करणे, ठराविक वेळात वेग घेणे, ब्रेक लावून थांबणे, ट्रेलर डोलू लागल्यावर सावरणे अशाही कसोट्या आहेत.

टोयोटाने २०११ च्या मॉडेलांसाठी हे मानक सर्वप्रथम स्वीकारले, तेव्हा तिच्या टुंड्रा पिकअपचा जाहीर आकडा शेकडो पौंडांनी खाली आला. कायद्याची सक्ती नसल्याने इतर मोठ्या कंपन्या काही वर्षे थांबल्या. कमी आकडा आधी कोण सांगणार?

मग जुन्या गाडीचे काय?

जुन्या पिकअपच्या मालकाने मिळेल तो मोठा आकडा उचलू नये. साखळीतली सर्वांत कच्ची कडी शोधावी. पट्टीवरचे कमाल वजन ओलांडू नये. ट्रेलरचा साधारण दहावा हिस्सा भार गाडीच्या हुकावर येतो, तो मालाच्या वजनात धरावा. हुक, आस, टायर आणि ब्रेक यांपैकी ज्याची क्षमता सर्वांत कमी, तीच गाडीची क्षमता. जड ट्रेलरला त्याचे स्वतःचे ब्रेक हवेत.

वर्गात हे दाखवायला ट्रकची गरज नाही. एक खेळण्यातली गाडी, ताणकाटा आणि तिरकी फळी पुरेशी आहे. फळीचा कोन बदलत जा, मागे दुसरी गाडी जोडा, प्रत्येक वेळी ताणकाट्यावरचा आकडा लिहा. मग मुलांना विचारा : "ही गाडी ओढायला किती बल लागते?" कोणीतरी नक्की उलट विचारेल, "कोणत्या चढावर?" हा प्रतिप्रश्न वर्गातून आला, की मोजमापाचा मुख्य धडा झाला असे समजावे. कोणत्याही आकड्याशेजारी त्याची कसोटी लिहिलेली नसेल, तर तो आकडा अर्धाच आहे.