आरोपी क्रमांक दोन

कोर्टातल्या रहस्यमालिका मी आवडीने पाहत आलो आहे. १९५७ ते १९६६ या काळात अमेरिकेत गाजलेला पेरी मेसन घ्या किंवा आपल्याकडच्या ‘अदालत’मधला के. डी. पाठक, साचा एकच. आरोपीच्या पिंजऱ्यात निरपराध माणूस, सगळा पुरावा त्याच्यावर शेकणारा, आणि शेवटच्या काही मिनिटांत वकिलाच्या उलटतपासणीपुढे खरा गुन्हेगार साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कोसळतो. अशा भागांत समाजावर भाष्य असतेच: आपण सहज दोषी कोणाला धरतो आणि कोणाकडे बघतही नाही. पण त्यासाठी अशील निर्दोष असावे लागते. आरोपीने कृत्य खरोखर केले असेल, आणि तरीही दुसरा कोणी सुटला असेल, तर? तिथे हा साचा अडतो.

आमच्या बुलढाण्याच्या एका बाईने नेमका हाच प्रश्न १८८२ साली छापून विचारला होता.

खटला सुरतेचा. ओलपाड गावची विजयलक्ष्मी ही चोविशीतली ब्राह्मण विधवा. वैधव्यात झालेले मूल तिने मारले, या आरोपावरून १८८१ मध्ये सुरतेच्या सत्र न्यायालयाने तिला फाशी सुनावली. पुढे अपिलात फाशी जाऊन काळ्या पाण्याची शिक्षा झाली. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्येच झाला होता. कायद्याने दिलेली ही मुभा जातीने मात्र दिली नव्हती. फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते याच दुखण्यावर. दंडसंहितेत नवजात मुलाची हत्या हा वेगळा, सौम्य गुन्हा नव्हता. इंग्लंडने तसा कायदा १९२२ मध्ये केला, आपल्याकडे तो आजही नाही.

अशा खटल्यात सरकारी वकिलाला हेतू शोधत बसावे लागत नाही. लोकलाज हा हेतू तयारच असतो. मला यातला उफराटा न्याय फार टोचतो. समाजाने घातलेली भीती कोर्टात समाजाविरुद्ध उभी राहत नाही. ती बाईविरुद्धचा पुरावा होते. आणि मुलाचा बाप? गळा कोणी दाबला एवढाच मुद्दा असल्यावर त्याच्या नावाचे कोर्टाला काम पडत नाही.

या खटल्यावरून वर्तमानपत्रांत बायकांच्या बिघडलेल्या वर्तनावर तोंडसुख घेणे सुरू झाले. ‘पुणेवैभव’ त्यात होते. ते वाचून ताराबाई शिंदे उसळल्या. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक विचारांचे. वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते. सुरतेच्या बाईशी ताराबाईंचे नात्याचे, जातीचे काहीच नव्हते. पण कुलीन मराठ्यांतही विधवेला पुन्हा लग्न नव्हते, आणि ही बंदी एकट्या ब्राह्मणांची नाही हे त्यांनी स्पष्ट लिहिले.

‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती ५००, किंमत नऊ आणे. स्त्री-पुरुषांत ‘साहसी कोण’ हे दाखवण्यासाठी हा निबंध, असे मुखपृष्ठावरच म्हटले आहे. साहस म्हणजे इथे धाडस नव्हे. धर्मशास्त्रातल्या अठरा व्यवहारपदांत ‘साहस’ हे एक आहे. त्याचा अर्थ जबरदस्तीचा गुन्हा. विजयलक्ष्मीने मूल मारलेच नाही, असा बचाव ताराबाई करत नाहीत. बायकांवर ठेवले जाणारे एकेक दूषण त्या उचलतात आणि ते पुरुषाला लागू करून बघतात. ही उलटतपासणीच आहे, आणि तिच्यातून पुराणातले देव सुटत नाहीत की ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’सारख्या कादंबऱ्या लिहिणारेही. भाषा घरातली, चिडलेल्या बाईची. मध्येच विषय सोडून भलतीकडेच जाणारी. पण प्रश्न सुटत नाही: तिला या वाटेवर आणणारा कुठे आहे?

पुस्तकाची टिंगल झाली. १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात जोतीरावांनी ताराबाईंची बाजू घेतली, तेव्हा टिंगल करणाऱ्यांत सत्यशोधक मंडळीही होती. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही, आणि पहिलेही दिसेनासे झाले.

१९६७ मध्ये तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आले. भ्रूणहत्येच्या आरोपावरून लीला बेणारेवर खेळ म्हणून सुरू झालेला खटला खरा होत जातो. प्रोफेसर दामल्यांचे नाव निघते, ते मात्र रंगमंचावर येतच नाहीत. आमच्या कॉलेजात हे नाटक बसवायचे ठरले तेव्हा एका मुलाने, नाव सारखे येते म्हणून, दामल्याचे काम मागितले होते. आम्ही हसलो होतो.

स. गं. मालशे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुन्हा उजेडात आणले ते १९७५ मध्ये. म्हणजे बेणारेचा खटला मराठी प्रेक्षकाने आधी पाहिला. तिच्या बाजूचे भाषण पंच्याऐंशी वर्षांपूर्वीच बुलढाण्यात लिहून झाले होते, हे त्याला त्यानंतर आठ वर्षांनी कळले.