बिऱ्हाड कोणत्या वाड्यात?

नोव्हेंबर 2019मध्ये अनेक भारतीयांनी ट्विटर सोडून मॅस्टोडॉनची वाट धरली. निमित्त होते ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते बंद होण्याचे. आधी आक्षेप आला तो एका जुन्या छायाचित्रावर: नाझी सलामी देणाऱ्या जमावात हाताची घडी घालून उभा असलेला एकटा माणूस!

नव्या जागी पहिलाच प्रश्न आला, सर्व्हर कोणता? जर्मनीत राहणाऱ्या ऑयगेन रोख्को यांनी 2016मध्ये मॅस्टोडॉन खुले केले, ते कोणीही आपला वाडा बांधून बिऱ्हाडे ठेवावीत अशा रीतीने. वाड्यावाड्यांतली ये-जा चालते अ‍ॅक्टिव्हिटीपब या सामाईक नियमावलीवर; वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ती 2018मध्ये प्रमाण मानली. म्हणूनच पत्त्यात ईमेलसारखे आपल्या नावापुढे वाड्याचेही नाव येते.

नवखे इथेच अडखळतात. मला मात्र हा प्रश्नच या व्यवस्थेचा गाभा वाटतो. सर्वांवर एकच मालक नको, तर आपला मालक पारखून घेण्याची तसदी आलीच. (स्वतःच वाडा बांधणारेही असतात, पण थोडे.) पुढे वाडा बदलला तर अनुयायी सोबत नेता येतात, जुने लिखाण मागेच राहते. आणि मालकाने एक दिवस वाड्याला कुलूप लावले, तर तेही आत अडकते.