दुव्याची साक्ष: डिरेक्टरीत नाव नोंदवून शोधयंत्रात वर येता येते का?

#धागा

नवे संकेतस्थळ सुरू करणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: ‘आधी पाच-पन्नास ऑनलाइन डिरेक्टऱ्यांत साइट नोंदवून टाक, गूगलवर आपोआप वर येईल.’ हा सल्ला २००० साली बरोबर होता. २००५ साली तो अर्धामुर्धा खरा उरला होता आणि २०१२ साली तो पाळलेल्या अनेकांना त्याची किंमत मोजावी लागली. एकाच कृतीचे फळ बारा वर्षांत उलटे कसे झाले, त्याचा हा इतिहास.

वेबच्या पहिल्या दिवसांत शोध घेणे म्हणजे यादी वाचणे. सर्न या संशोधनसंस्थेत वेबची निर्मिती करणारे टिम बर्नर्स-ली स्वतःच नव्या सर्व्हरांची यादी ठेवत असत. विषयवार दुव्यांची ‘वर्ल्ड वाइड वेब व्हर्च्युअल लायब्ररी’ त्यांनीच १९९१ मध्ये सुरू केली. साइट मोजक्या होत्या, तोवर एका माणसाच्या टिपणवहीत त्या मावत होत्या.

१९९४ च्या जानेवारीत स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्युत अभियांत्रिकीचे दोन पीएचडी विद्यार्थी, जेरी यांग आणि डेव्हिड फिलो, यांनी आपल्या आवडीच्या साइटींची यादी मांडायला घेतली. विद्यापीठाच्या आवारातील एका ट्रेलरमध्ये त्यांचे बिऱ्हाड होते. त्यांच्या संगणकांची नावे सुमो मल्लांवरून ठेवलेली होती, आकेबोनो आणि कोनिशिकी. प्रबंध लिहायचा सोडून दोघे यादीच वाढवत बसले. त्या यादीचे नाव काही आठवड्यांत ‘याहू’ झाले आणि मार्च १९९५ मध्ये तिची कंपनी झाली.

याहूचे वैशिष्ट्य तिच्या वर्गवारीत होते. ग्रंथालयात पुस्तकाला विषयक्रमांक मिळतो, तशी प्रत्येक साइटला एक जागा मिळे: कला, मग इतिहास, मग देश, मग कालखंड. ही रचना सांभाळण्यासाठी कंपनीने जे अगदी सुरुवातीचे लोक घेतले, त्यांत भारतीय वंशाच्या श्रीनिजा श्रीनिवासन होत्या. त्या कंपनीच्या पाचव्या कर्मचारी, आणि पुढे त्यांनी संपादकीय विभागाचे नेतृत्व केले. कोणी साइट सुचवली की संपादक ती उघडून पाहत, ती कोठे बसते हे ठरवत आणि एका ओळीचे वर्णन लिहीत. साइट विशेष आवडली, तर नावापुढे काळ्या गॉगलचे छोटे चित्र येई. एका अनोळखी माणसाने हे पान पाहिले आहे आणि त्याला ते नोंदण्याजोगे वाटले आहे, एवढीच त्या नोंदीची ग्वाही होती. पुढची सारी कथा या ग्वाहीभोवती फिरते.

याच काळात यांत्रिक शोधयंत्रेही आली. डिसेंबर १९९५ मध्ये सुरू झालेले अल्टाव्हिस्टा पानांतील शब्द वाचून निकाल देई. अडचण अशी की पानावरचे शब्द पानाच्या मालकानेच लिहिलेले असतात. शोधला जाणारा शब्द पानात शंभरदा लिहिणे, पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत लपवणे, हे प्रकार लगेच सुरू झाले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा पेच ओळखीचा वाटेल. राजाच्या प्रशस्तीत राजा दिग्विजयीच असतो. म्हणून अभ्यासक शेजारच्या राज्याचा लेख, प्रवाशाचे वर्णन, नाणी असा बाहेरचा पुरावा शोधतो.

बाहेरच्या पुराव्याची हीच कल्पना स्टॅनफर्डमधील आणखी दोन विद्यार्थ्यांनी गणितात उतरवली. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेला ‘पेजरँक’ शास्त्रीय लेखांतील संदर्भांच्या मोजणीशी नाते सांगतो. एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा हे शिफारसपत्र मानायचे. मात्र शिफारस करणारा जितका मातब्बर, तितके त्या पत्राला वजन अधिक. त्या वर्षीच्या त्यांच्या प्रसिद्ध शोधनिबंधात उदाहरण म्हणून दिलेले नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे. एखाद्या पानाकडे जगात एकच दुवा असेल, पण तो याहूच्या मुखपृष्ठासारख्या ठिकाणाहून असेल, तरी ते पान पाहण्याजोगे ठरते, असा त्यांचा युक्तिवाद होता. दर्जा नसता तर याहूने दुवा दिलाच नसता, हे त्यामागचे गृहीतक. डिरेक्टरीतील नोंदीने साइट वर येते, या समजुतीचे मूळ असे थेट गूगलच्या जन्मपत्रिकेतच सापडते.

हिशेबाचा एक बारकावा येथे सांगायला हवा. पेजरँकमध्ये पान आपले वजन त्यावरील सर्व दुव्यांत वाटते. दहा दुव्यांच्या पानावरील नोंदीला मिळणारा वाटा तेवढ्याच वजनाच्या, पण दोनशे दुव्यांच्या पानापेक्षा वीसपट मोठा. त्यामुळे डिरेक्टरीत असणे पुरेसे नव्हते. कोणत्या पोटवर्गात, किती गर्दीत आहोत, यालाही मोल आले. वर्ग निवडणे ही वाचकाची सोय होती, ती आता साइटमालकाची चाल झाली.

मग आले डीमॉझ. याहूचे मोजके संपादक नव्या साइटींच्या पुराला पुरे पडत नाहीत, अशी तक्रार वाढत होती. जून १९९८ मध्ये रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रूएल यांनी स्वयंसेवकांकडून चालणारी डिरेक्टरी काढली. (हेच स्क्रेंटा, ज्यांनी १९८२ मध्ये शाळकरी वयात ॲपल-२ साठी ‘एल्क क्लोनर’ हा अगदी आरंभीचा संगणक-विषाणू लिहिला. माणसाच्या कारकिर्दीला कोठे वळण लागेल, सांगता येत नाही.) त्याच वर्षी नेटस्केपने ती विकत घेतली आणि तिचे नाव ‘ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट’ झाले. तिच्या पत्त्यावरून लोक तिला डीमॉझ म्हणत.

डीमॉझची सर्व माहिती कोणालाही फुकट वापरता येई. मार्च २००० मध्ये गूगलने तीच माहिती घेऊन, तिला पेजरँकचा क्रम लावून ‘गूगल डिरेक्टरी’ उघडली. इतर शेकडो ठिकाणी तिच्या नकला झाल्या. एका संपादकाने मान्य केलेली एक नोंद अशा रीतीने अनेक दुव्यांत प्रकट होई. गूगलची वेबमास्तरांसाठीची मार्गदर्शिकाही आपली साइट ओपन डिरेक्टरी आणि याहू यांसारख्या डिरेक्टऱ्यांत सुचवा, असे स्पष्ट सांगत असे. त्या काळात तो सल्ला देणारा कोणीही चुकीचे बोलत नव्हता.

दुव्याला मोल आले की दारावर गर्दी होते, आणि दारवानाला महत्त्व येते. याहूने १९९९ मध्ये व्यावसायिक साइटींसाठी १९९ डॉलरची जलद सेवा काढली. २००१ च्या अखेरीपासून हा आकार दरवर्षी २९९ डॉलर झाला. पैसे विचार करण्याचे होते. नकार आला तरी ते परत मिळत नसत. दुवा विकत घेणे गूगलला मान्य नव्हते, मग याहूची फी कशी चालते, हा प्रश्न उठलाच. त्यावर गूगलचे मॅट कट्स सांगत की ती रक्कम संपादकाच्या वेळेची आहे, दुव्याची नाही. भेद खरा होता, पण तो फार बारीक दोरीवर उभा होता.

डीमॉझमध्ये फी नव्हती. तेथे प्रतीक्षा होती. सुचवलेली साइट महिनोन्महिने पडून राही आणि नकार आला तरी तो कळेलच असे नसे. एखाद्या वर्गाचा संपादक त्याच व्यवसायात असेल, तर तो प्रतिस्पर्ध्याची नोंद दाबून ठेवतो, असे आरोप वारंवार झाले. बहुसंख्य स्वयंसेवक निरपेक्षपणे राबत होते, हेही तितकेच खरे. पण घरातून लोणची विकणाऱ्या किंवा छोटी लॉज चालवणाऱ्या माणसाच्या पोटाचा प्रश्न अनोळखी संपादकाच्या सवडीवर लटकला की संशय वाढणारच. ऑक्टोबर २००६ मध्ये सर्व्हर कोसळून संपादनाचे काम सुमारे दोन महिने बंद पडले, तेव्हा या नाराजीत आणखी भर पडली.

याआधीच आणखी एक गोष्ट घडून गेली होती. डिसेंबर २००० मध्ये गूगलने ब्राउझरसाठी टूलबार दिला आणि त्यात प्रत्येक पानाचा पेजरँक ० ते १० अंकांत, हिरव्या पट्टीने दिसू लागला. आजवर गणितात दडलेले वजन आता दुकानाच्या पाटीसारखे उघड झाले, आणि उघड आकड्याला भाव लावणे सोपे असते. ओक्लाहोमातील ‘सर्चकिंग’ या कंपनीने २००२ मध्ये जास्त पेजरँकच्या साइटींवर जाहिरातीचे दुवे लावून देण्याचा व्यवसाय उघडपणे सुरू केला. थोड्याच काळात तिच्या पानाचा रँक ८ वरून ४ वर आला. कंपनी न्यायालयात गेली. मे २००३ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने निकाल दिला की पेजरँक हे गूगलचे मत आहे आणि अमेरिकी संविधानाच्या पहिल्या दुरुस्तीने मतस्वातंत्र्याला संरक्षण आहे. दावा फेटाळला गेला. आपले स्थान हा आपला हक्क आहे, असे मानणाऱ्या साइटमालकांना हा निकाल फार कडू लागला.

तरी बाजार थांबला नाही. तयार सॉफ्टवेअरवर एका संध्याकाळी नवी डिरेक्टरी उभी राहू लागली. तिला वाचक नसत, आणि अपेक्षितही नसत. भारतातील अनेक छोट्या कचेऱ्यांत ‘डिरेक्टरी सबमिशन’ हे परदेशी ग्राहकांसाठीचे रोजचे काम झाले. एक्सेलच्या तक्त्यात शेकडो पत्ते, प्रत्येकासाठी शीर्षक, दोन ओळींचे वर्णन, वर्ग, चित्रातील वेडीवाकडी अक्षरे ओळखून भरणे, ईमेलवर आलेल्या दुव्यावर टिचकी. या नोंदी पाहणारा माणूस साखळीत कोठेच उरला नव्हता. भरणारा न वाचता भरी आणि स्वीकारणारा न वाचता स्वीकारी.

जमिनीवरचा हक्क ताम्रपटाने सिद्ध होतो म्हटल्यावर बनावट ताम्रपट घडवले गेले. पुराभिलेखाच्या अभ्यासकाला असे ताम्रपट वगळत पुढे जावे लागते. अक्षरवळण, तिथी, वंशावळ यांतील विसंगतीवरून ते ओळखू येतात. गूगलनेही थोड्याफार फरकाने हेच केले.

ऑक्टोबर २००८ मध्ये मार्गदर्शिकेतून डिरेक्टऱ्यांत साइट सुचवण्याचा सल्ला गुपचूप काढून टाकला गेला. २४ एप्रिल २०१२ रोजी ‘पेंग्विन’ हा बदल लागू झाला, आणि कृत्रिम दुव्यांच्या आधारावर उभ्या असलेल्या साइटी निकालांत कोसळल्या. ज्यांनी पैसे देऊन नोंदी करून घेतल्या होत्या, तेच आता त्या काढा म्हणून डिरेक्टरीमालकांना विनंत्या धाडू लागले. काही मालकांनी नोंद काढण्याचेही पैसे मागितले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नको असलेले दुवे नाकारण्याची सोय गूगलला द्यावी लागली. २०१६ च्या पेंग्विननंतर धोरण सौम्य झाले. शिक्षेपेक्षा असे दुवे हिशेबातच न धरण्यावर भर आला. हिरवी पट्टीही त्याच वर्षी गेली. निकृष्ट डिरेक्टऱ्यांतील दुव्यांचा उल्लेख मात्र गूगलच्या स्पॅमविषयक नियमांत आजही नावानिशी आहे.

मूळच्या चांगल्या डिरेक्टऱ्याही यातून वाचल्या नाहीत. मात्र त्यांचा अंत फसवणुकीमुळे झाला असे म्हणणे चुकीचे ठरेल. शोधयंत्र चांगले झाले आणि वर्गांच्या पायऱ्या उतरत जाणारा वाचकच संपला. खुद्द याहूने ऑक्टोबर २००२ मध्ये आपल्या शोधात डिरेक्टरीऐवजी गूगलच्या निकालांना पुढे आणले होते. गूगल डिरेक्टरी २०११ मध्ये मिटली, याहूची २०१४ च्या अखेरीस, आणि १७ मार्च २०१७ रोजी डीमॉझ. तेव्हा तिच्यात ३८ लाखांहून अधिक साइटी आणि १० लाखांहून अधिक वर्ग होते, आणि तिच्यावर ९० हजारांहून अधिक संपादकांचा हात फिरला होता.

आज कोणी हा प्रश्न विचारला तर? शेकडो डिरेक्टऱ्यांत नोंदणी करून देणाऱ्याला दिलेले पैसे वाया जातात. कधी त्यातून नुकसानही होते. स्थानिक व्यवसायाचे थोडे वेगळे आहे. दवाखाना, गॅरेज, खाणावळ यांचा नकाशावरील क्रम ठरवताना वेबवरचे दुवे, लेख आणि डिरेक्टऱ्यांतील माहिती विचारात घेतली जाते, असे गूगलच्या मदतपानावर वर्षानुवर्षे लिहिलेले होते. १९९६ मध्ये मुंबईत फोनसेवा म्हणून सुरू झालेल्या जस्टडायलसारख्या ठिकाणी लोक खरोखर शोधतात, तेथे नाव, पत्ता आणि फोन अचूक असणे कामाचे आहे. तेथून ग्राहक थेट येतो, शोधयंत्राचा क्रम काहीही असो. व्यावसायिक संघटनेच्या सभासदसूचीचेही तसेच.

डीमॉझ बंद झाल्यावर तिच्या काही संपादकांनी माहिती वाचवली आणि २०१८ मध्ये ‘कर्ली’ या नावाने काम पुन्हा सुरू केले. साइट सुचवायला तेथे फी नाही आणि नोंद होईलच असे आश्वासनही नाही. सुचवलेली साइट तेथे अजूनही एक माणूस उघडून पाहतो.