तळटीप : आवश्यक गुणधर्मांची तपासणी
आवश्यक गुणधर्म, म्हणजे ज्या नाव-मूल्याच्या जोडीवाचून पुढचा कोड चालू शकत नाही ती जोडी, ऑब्जेक्टमध्ये आहे की नाही हे जावास्क्रिप्टमध्ये केवळ मूल्याच्या खरेखोटेपणावरून ठरवणे धोक्याचे आहे. कारण शून्य, रिकामी स्ट्रिंग आणि ‘फॉल्स’ ही मूल्ये तेथे खोटी मानली जातात आणि शून्य शिल्लक असलेले रीतसर खातेही अपुरे ठरून नाकारले जाते. नाव आहे की नाही एवढेच पाहणारा ‘इन’ हा ऑपरेटरही पुरेसा नाही; तो प्रोटोटाइपकडून, म्हणजे ऑब्जेक्ट ज्यावर आधारलेला असतो त्या मूळ ऑब्जेक्टकडून, वारशाने आलेली नावेही जमेस धरतो, म्हणून ‘टूस्ट्रिंग’ हे नाव रिकाम्या ऑब्जेक्टमध्येही सापडते. २०२२ च्या एक्मास्क्रिप्ट मानकात आलेले ‘ऑब्जेक्ट.हॅजओन’ मात्र ऑब्जेक्टच्या स्वतःच्याच गुणधर्मांपुरते पाहते, आणि बाहेरून आलेली माहिती तपासताना तेच वापरणे योग्य. जेसन माहितीची रचना ठरवून देणाऱ्या जेसन स्कीमातील ‘रिक्वायर्ड’ही फक्त नावाची उपस्थिती पाहते; मूल्य ‘नल’ चालणार नसेल, तर त्याचा प्रकार वेगळा नोंदवावा लागतो.